डावऱ्या

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी भाऊंचा आवाज उठायचा. भाऊ म्हणजे माझे वडील. वस्तीवरची सगळी माणसं त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायला शिकले. उजाडता उजाडता ते ओट्यावर उभे राहून घसा साफ करत आणि कुणाला तरी हाक मारत. शेजारच्या मळ्यातल्या माणसाचा बैल आजारी असला तर त्याला, कुणाच्या घरी लग्न निघालं असलं तर त्यांना. "काय रे, उरकलं का? येऊ का मी?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चपला अडकवून निघायचं, हा त्यांचा स्वभाव. मयताचे बांबू आणायला पहिले भाऊ, अडलेल्या बाळंतिणीला गाडीत घालून दवाखान्यात न्यायला पहिले भाऊ. लोकांना त्यांचं फार कौतुक होतं, आणि मलाही होतं. आईला किती होतं ते मला कधी नीट कळलं नाही. ती चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि भाऊ निघून गेले की एवढंच म्हणायची, "चहा पिऊन गेले असते तर बरं झालं असतं."

मखमलाबादच्या अंगाला, कालव्याच्या पाण्यावर आमचा मळा होता. आता तिथं उंच इमारती आहेत आणि त्यातल्या एकीला कुणीतरी फुलाचंच नाव दिलंय. त्या वेळी झेंडू, शेवंती, निशिगंध आणि बांधाच्या कडेनं मेथी, कोथिंबीर, वांगी असं सगळं होतं. फुलं तोडायची, ओल्या गोणपाटात झाकायची आणि भाऊंनी ती पंचवटीत नेऊन विकायची. झेंडूच्या देठांचा कडवट वास आमच्या बोटांना कायमचा लागलेला असे. वर्गातल्या मुली माझा हात हुंगून हसायच्या. विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, तव्यावर मिरची परतल्याचा ठसका, परातीवर भाकरी थापल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या वरून येणारी रघुकाकाची शीळ. माझं लहानपण म्हटलं की मला हेच ऐकू येतं.

रघुकाका भाऊंचा धाकटा भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हापासून भाऊंनीच त्याला वाढवलेलं. दोघांच्या वयात इतकं अंतर होतं की नवखा माणूस त्यांना बाप-लेक समजे. रघुकाकाचे हात फार चलाख होते. गजरा बांधायला बसला की बोटं दिसायची नाहीत, नुसता दोरा पळताना दिसायचा. पण त्याला फुलांत राहायचं नव्हतं. "जल्मभर पाण्यात हात घालून बसू का?" म्हणायचा. शेवटी अंबडच्या एका कारखान्यात त्याला प्रेसवर काम लागलं. पत्र्याचे तुकडे प्रेसखाली सरकवायचे, पायानं दाब द्यायचा, तयार भाग बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी कामावरून आला तेव्हा त्याच्या हातांना झेंडूऐवजी ऑइलचा वास होता आणि तो वास तो सगळ्यांना घ्यायला लावत होता. आई म्हणाली, "जेवायच्या आधी धू ते." तो म्हणाला, "वहिनी, राहू दे थोडा वेळ."

मी अकरावीत होते त्या वर्षी एका दुपारी कारखान्याची जीप मळ्याच्या रस्त्याला लागली. जीप आली की काही बरं नसतं हे आईला आधीच कळलं असावं, कारण तिनं हातातलं विळा-खुरपं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसून उभी राहिली. रघुकाकाच्या उजव्या हाताची चारही बोटं प्रेसखाली गेली होती. अंगठा राहिला होता आणि तळव्याचा थोडा भाग.

दवाखान्यातून तो घरी आला त्या दिवसापासून भाऊंनी त्याचा ताबा घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. भाऊ त्याला आंघोळ घालू लागले, त्याच्या पायजम्याची नाडी बांधू लागले, त्याचे केस विंचरू लागले. तो काही म्हणायच्या आत पाण्याचा तांब्या तोंडाशी धरायचे. कुणी भेटायला आलं की पट्टी सोडून हात दाखवायचे आणि दाखवता दाखवता स्वतःच रडायचे. रघुकाका तेव्हा छताकडे बघत बसायचा. पहिले काही दिवस तो म्हणायचा, "भाऊ, मी करतो." भाऊ म्हणायचे, "तू कशाला? मी मेलोय का?" पुढं पुढं तो म्हणेनासा झाला. शीळही बंद झाली. इंजिनाची धडधड तेवढी राहिली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नांदगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं. पंगत बसली. बुंदी, वांग्या-बटाट्याची भाजी, वरण, भात. रघुकाका डाव्या हातानं जेवू लागला. समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं सहज म्हटलं, "पोरा, डाव्या हातानं?" मग त्याचं लक्ष मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे गेलं आणि तो बिचारा ओशाळला. तिथंच संपलं असतं ते. पण भाऊ वाढता वाढता थांबले, बादली खाली ठेवली, रघुकाकाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि भात कालवून त्याच्या तोंडाशी घास नेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी हाय ना रघू, मी हाय ना," असं म्हणत होते. सगळी पंगत हात थांबवून बघत होती. बायका पदराला डोळे पुसत होत्या. माझ्या मामीनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "भाऊ असावा तर असा." मी मात्र रघुकाकाच्या मानेकडे बघत होते. घास गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वर जायची आणि खाली यायला फार वेळ लागायचा. त्यानं सगळं ताट भाऊंच्या हातून संपवलं. त्यानंतर तो कुणाच्याही समोर जेवला नाही.

आईनं वेगळी वाट काढून बघितली. तिनं ताट आत, त्याच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि भाकरी आधीच दुधात कुस्करून ठेवू लागली, म्हणजे त्याला एका हातानं मोडायला नको. पहिल्याच दिवशी ताट तसंच बाहेर आलं. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "वहिनी, मी काय तान्हं पोर हाय का?" आवाज चढलेला नव्हता. आईनं ताट घेतलं, ती कुस्करलेली दूध-भाकरी स्वतः खाल्ली, आणि दुसऱ्या ताटात अख्खी भाकरी ठेवून आली. आत बराच वेळ भांड्याचा आवाज येत राहिला. ताट घसरत असणार, भाकरी हातातून निसटत असणार. मी उठायला लागले तर आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "त्यानं हाक मारली का?" तिनं विचारलं. नव्हती मारली. आम्ही दोघी चुलीपुढे बसून तो आवाज ऐकत राहिलो. मला तेव्हा आईचा राग आला होता.

आता माझे गुडघे गेलेत. जिना उतरताना मुलगा न विचारता दंड धरतो आणि माझ्या कपाळावर आठी येते. बिचाऱ्याला कळत नाही त्याचं काय चुकलं. मलाही नीट सांगता येत नाही. दंड धरला की माझी पायरी चुकते, एवढंच मी त्याला म्हणते.

पावसाळा सरता सरता रघुकाका मळ्यातल्या शेडमध्ये बसू लागला. शेड म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि खाली गोणपाटं. तिथं फुलं निवडायचं काम चाले. सगळे गेले की तो एकटाच बसायचा. एकदा मी कॉलेजातून आले तेव्हा तो काय करतोय ते मला दिसलं. हार ओवायची लांब सुई त्यानं पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात उभी धरली होती आणि डाव्या हातानं एकेक झेंडू वरून खाली सरकवत होता. सुई निसटायची, पायाला टोचायची, तो परत धरायचा. अंगठ्याला रक्त आलं होतं. त्यानं मला पाहिलं. मी तिथंच बाजूला बसले आणि माझी शेवंती निवडू लागले. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. हळूहळू सुई निसटेनाशी झाली. मग एका दुपारी, पूर्ण ओवलेला हार मांडीवर घेऊन तो बराच वेळ दोऱ्याच्या दोन टोकांकडे बघत बसला आणि म्हणाला, "मंदे, गाठ मार."

मी गाठ मारली. त्यानं ती ओढून बघितली. "ढिली हाय," म्हणाला. मी परत मारली. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या खोलीतून शीळ आली, अगदी बारीक, दातांच्या फटीतून निघावी तशी. आई भाकरी थापायची थांबली, मग पुन्हा थापू लागली.

पुढच्या काही आठवड्यांत तो पुष्कळ हार करू लागला. गाठीपुरता मला हाक मारायचा. नंतर नंतर दात आणि अंगठा मिळून गाठही त्यालाच जमू लागली, तरी कधी कधी हाक मारायचा. त्या शेडमध्ये तो मला कारखान्यातल्या गोष्टी सांगे. प्रेसचा दणका कसा बसतो, जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे कसे एकत्र करतात. पुन्हा अंबडला जायचं त्याच्या मनात होतं. प्रेसवर नाही, पण स्टोअरमध्ये, एका हातानं होईल असं काहीतरी. "आधी हात बसू दे," म्हणायचा. म्हणजे डावा हात.

भाऊंनी हे एक दिवस पाहिलं. ते शेडच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांना भडभडून आलं. त्यांनी रघुकाकाला मिठी मारली, हार उचलून डोक्याला लावला. त्यांचा आनंद खरा होता. इतकी वर्षं झाली, पण त्या आनंदात खोट होती असं मी म्हणणार नाही. त्या दिवसापासून भाऊ सारखे गावात जाऊ लागले. विचारलं तर हसायचे. "कळंल," म्हणायचे. आईनं एकदा विचारलं, "रघुभावजींना सांगितलंय का, जे काय चाललंय ते?" भाऊ म्हणाले, "त्याला सांगून करायचं असतं का? तो नाय म्हणंल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी सगळ्यांना नवे कपडे घालायला लावले आणि पंचवटीत नेलं. देवळाच्या वाटेवर फुलांच्या दुकानांची रांग होती, तिच्या टोकाला एक नवी टपरी उभी होती, झेंडूच्या माळांनी सजवलेली. समोर खुर्च्या मांडल्या होत्या. वस्तीवरची माणसं आली होती. एक स्थानिक पुढारी होते, त्यांच्या हातात नारळ होता. माइक चालू आहे का ते कुणीतरी फुंकर मारून बघत होतं. टपरीच्या माथ्यावर कापड बांधलेलं होतं. पुढाऱ्यांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत मोठं लिहिलं होतं, 'अपंग रघुनाथ फुलभांडार'.

टाळ्या वाजल्या. भाऊ माइकवर गेले. रघुकाकाचा हात कसा गेला, त्याला घास कसा भरवावा लागला, तो पायानं हार कसा ओवतो हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "रघू, दाखव जरा सगळ्यांना. सुई आणलीय मी." आणि त्यांनी खरंच खिशातून सुई काढली. कुणीतरी झेंडूची टोपली पुढं सरकवली. रघुकाकाच्या गळ्यात सत्काराचा हार होता. तो पाटीकडे बघत होता. त्यानं पायातली चप्पल काढली नाही. डाव्या हातानं गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि गर्दीतून चालू लागला. लोकांना वाटलं, गहिवरला असेल. त्यांनी वाट करून दिली. माझ्याजवळून जाताना त्याचा खांदा मला लागला. मी "काका" म्हटलं. त्यानं ऐकलं असेल, नसेल. भाऊ माइकमधून हाक मारत होते, "रघू, अरे रघू," आणि ती हाक कर्ण्यातून नदीच्या पलीकडेपर्यंत जात होती.

तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला लोक आले, भाऊ दाराशी उभे होते.

त्याचा पत्ता लागायला हिवाळा उजाडला. आमच्या ओळखीचा एक माणूस मनमाडला रेल्वेत होता. त्यानं निरोप आणला की रघू स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात चहा पोचवतो. डाव्या हातात किटली, उजव्या अंगठ्यात आणि तळव्यात ग्लासांची चळत धरून फिरतो. तिथं त्याला सगळे डावऱ्या म्हणतात. भाऊ मिळेल त्या एसटीनं गेले. संध्याकाळी एकटे परत आले. काय झालं ते त्यांनीच सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते हॉटेलात गेले, रघूला धरून रडले, मालकाला सगळी हकिगत सांगितली, त्याला हलकं काम द्या, वजन उचलायला लावू नका, असं हात जोडून म्हणाले. "मालक लय भला माणूस," भाऊ म्हणाले. "त्याच्याबी डोळ्यात पाणी आलं."

पुढच्या वेळी भाऊ गेले तेव्हा रघुकाका त्या हॉटेलात नव्हता. मालकानं त्याच्या हातची किटली काढून घेऊन त्याला गल्ल्याशेजारी स्टुलावर बसवलं होतं आणि गिऱ्हाइकांना त्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. तो तिथून दुसरीकडे गेला. भाऊंनी तेही हुडकलं. मग तो तिथूनही गेला. भाऊ जितके मागे जात तितका तो स्टेशनापासून लांब, आणखी अंधाऱ्या, आणखी घाणेरड्या जागेत जात राहिला. एकदा भाऊ परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली होती. ते सरळ अंथरुणावर जाऊन पडले. जेवलेही नाहीत.

त्यानंतर आईनं माझ्याशी बोलून ठरवलं. भाऊंना तिनं एवढंच सांगितलं, "आम्ही दोघी मनमाडला जाऊन येतो. तुम्ही येऊ नका." आई भाऊंना असं काही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. चांदवडच्या घाटात एसटी घुरघुरत होती, आईच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत काय आहे म्हणून मी बघितलं, तर आमच्या दोघींपुरत्या दशम्या. त्याच्यासाठी काही घेतलं नव्हतं.

रघुकाका मालधक्क्याजवळच्या एका पत्र्याच्या हॉटेलात सापडला. आम्हाला बघून तो दचकला आणि आमच्या मागे बघू लागला. आई म्हणाली, "ते नाही आले." मग ती बाकावर बसली आणि म्हणाली, "दोन चहा दे." त्यानं दिले. केस वाढले होते, गाल बसले होते. इतर गिऱ्हाइकं "ए डावऱ्या" म्हणून ओरडत आणि तो "आलो" म्हणून जायचा. त्या नावानं त्याला काही वाटत नव्हतं, मला मात्र प्रत्येक हाकेला कसंतरी व्हायचं. चहा पिऊन झाल्यावर आईनं विचारलं, "काही लागतं का?"

"नाय."

"बरं," आई म्हणाली, आणि आम्ही उठलो.

परतीच्या एसटीत मी आईशी भांडले. "एवढ्या लांब आलो आणि नुसता चहा पिऊन चाललो? त्याला धरून का आणलं नाहीस?" आई खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडेच बघत म्हणाली, "मंदे, एक हात त्या मशीननं नेला. उरलेला आपण धरून ठेवला तर तो काय करील?"

अधूनमधून आम्ही जायचो. दोन चहा, तोच प्रश्न, तेच उत्तर. कधी तो आमच्यासमोर बाकावर बसायचा, कधी बसायचाही नाही. बारावी झाल्यावर मी नर्सिंगला गेले. नंतरच्या एका खेपेला मी त्याचा खोकला ऐकला. तसा खोकला मी वॉर्डात रोज ऐकत होते. या वेळी मी आईचं ऐकलं नाही. मी म्हणाले, "काका, हा क्षय असणार. सरकारी दवाखान्यात औषध मिळतं. रोज घेतलं तर बरा होशील. मी आणून देते गोळ्या."

तो हसला. "तू पण भाऊवर गेलीस का?"

मग खोकत आत गेला. आईनं चहाचे पैसे बाकावर ठेवले. जाताना तिनं पुन्हा आपला प्रश्न विचारला, "काही लागतं का?" आतून आवाज आला, "नाय."

मी आयुष्यभर दवाखान्यांत काम केलं. औषध नको म्हणणारी शेकडो माणसं पाहिली. काहींना रागावले, काहींना गोंजारलं, काहींच्या उशाशी नुसती बसून राहिले. आईचं बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी त्याला चौघांनी उचलून दवाखान्यात टाकलं असतं तर तो जगला असता, असंही वाटतं. आणि चौथ्या दिवशी खिडकीतून पळून गेला असता, असंही वाटतं. आईला मी म्हातारपणी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मला तरी कुठं माहीत होतं? मला एवढंच दिसत होतं की आपण गेल्यावर तो त्या जागेवरून पळत नाही."

निरोप आला तो उन्हाळ्यात. मालधक्क्यावरचा एक हमाल नाशिकला आला होता, तो घर शोधत मळ्यावर आला. भाऊ ओट्यावर होते. हमालानं विचारलं, "सिंधूवहिनी कोण?" आई बाहेर आली. "डावऱ्यानं सांगितलंय, वहिनीला म्हणावं ये. दवाखान्यात ने म्हणाला. उठवत नाय त्याला आता."

भाऊंनी तेवढं ऐकलं आणि चपला घातल्या. टोपी घेतली. ते अंगणात उतरले, तेव्हा आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "अहो, त्यानं मला बोलावलंय."

"म्हणजे? मी भाऊ हाय त्याचा."

"हो. पण तुम्हाला नाही बोलावलं."

भाऊ तसेच उभे राहिले. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी हमालाकडे बघितलं, जणू तो आणखी काही सांगेल. हमाल खाली बघत होता. मग भाऊ परत ओट्यावर गेले, चपला काढल्या, एकावर एक न ठेवता नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंतीला टेकून बसले. कुणाच्या तरी मदतीला निघालेले भाऊ परत फिरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आम्ही त्याला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तो इतका हलका झाला होता की स्ट्रेचरवर चादरच ठेवल्यासारखं दिसे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार उशीर झालाय. मला ते दिसतच होतं. पण त्या दिवसांत तो जे मागत गेला ते मी विसरू शकत नाही. पाणी मागितलं. पाठीखाली उशी सरकव म्हणाला. आणि एका दुपारी डावा हात चादरीबाहेर काढून माझ्यासमोर धरला. "मंदे, नखं काढतेस का?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. उजव्याची बोटं गेलेल्या माणसाला डाव्या हाताची नखं काढता येत नाहीत. दात होते, दगड होते; इतकी वर्षं त्यानं ती चावून आणि घासून संपवली होती. बोटांची टोकं खरबरीत, चिरलेली होती. मी कोमट पाण्यात त्याचा हात भिजवला आणि एकेक नख काढलं. तो डोळे मिटून पडला होता. करंगळीपाशी आले तेव्हा म्हणाला, "हळू." सगळं झाल्यावर त्यानं हात वर धरून उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बरंय."

भाऊ रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत येत. आत येत नसत. लिंबाखालच्या पारावर डबा घेऊन बसत आणि मी खाली गेले की डबा माझ्या हातात देत. डब्यात काय असायचं ते भाऊच करत, आईला करू देत नसत. कधी मऊ खिचडी, कधी मुगाचं वरण. काही विचारत नसत. वर आई रघुकाकाला सांगायची, "भाऊ खाली बसलेत. बोलावू का?" तो भिंतीकडे तोंड करायचा. आई पुन्हा म्हणायची नाही. दुसऱ्या दिवशी परत एकदाच विचारायची.

तो गेला त्या दिवशीही तिनं विचारलं होतं. त्या वेळी त्यानं मान भिंतीकडे वळवली नाही, हलवलीही नाही. नुसता वर बघत होता. तो हो होता की नाही हे आईला ठरवता येईना. ती उठून दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि त्याच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं विचारायला कुणी उरलं नाही.

मी खाली गेले. भाऊ पारावर बसले होते, शेजारी त्या दिवसाचा डबा. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. ते वर आले, दारातच थांबले आणि आईकडे बघू लागले, आत येऊ का असं विचारावं तसं. आईनं मान हलवली. मग ते कॉटपाशी गेले. त्यांनी त्याला हात लावला नाही. बराच वेळ चादरीवरच्या त्या डाव्या हाताकडे, त्याच्या स्वच्छ कापलेल्या नखांकडे बघत उभे राहिले.

अग्नी भाऊंनीच दिला. घरी आल्यावर, माणसं पांगल्यावर ते आईला म्हणाले, "सिंधू, खरं सांग. माझ्याबद्दल काही म्हणाला का?"

आई खोटं बोलू शकली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, आई, काहीतरी बोल.

"नाही," आई म्हणाली.

भाऊंनी मान खाली घातली. आई त्यांच्यासमोर खाली बसली.

"पण तुमचा डबा खायचा तो. खिचडी बघितली की ओळखायचा. म्हणायचा, हे भाऊचं हाय, मीठ जास्त पडलंय."

"आणि?"

"आणि मग सगळा संपवायचा."

"रोज?"

"रोज."

भाऊ उठले. शेवटच्या दिवसाचा न उघडलेला डबा ओट्यावर तसाच पडला होता. तो घेऊन ते आत आले, झाकण काढलं आणि आमच्या दोघींकडे पाठ करून, ती गार झालेली खिचडी डाव्या हातानं खाऊ लागले.